पेटीवरचं नाव

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

जपानमधल्या क्योटो शहरात दाइतोकुजी नावाचं एक मोठं बौद्ध देवस्थान आहे. त्याच्या आवारातल्या कोहोआन नावाच्या लहानशा मठात एक वाडगा जपून ठेवला आहे. आपण आमटी-भात कालवून खायला घेऊ, साधारण तेवढा. रंग फिकट पिवळसर, थोडा तांबूसपणाकडे झुकणारा. अंगावर बारीक भेगांचं जाळं. बुडाशी ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, गोठून त्याचे खडबडीत दाणे झालेले. चाकावर भराभर काढलेला, कुणी मुद्दाम नटवलेला नाही. कोरियातल्या कुणा कुंभारानं तो सोळाव्या शतकात केला असं मानतात. आज तो जपानचा अधिकृत राष्ट्रीय ठेवा आहे.

या वाडग्याला नाव आहे : किझाएमोन. हे नाव कुंभाराचं नाही. किझाएमोन हा ओसाकाचा एक व्यापारी. वाडगा त्याच्या मालकीचा होता. त्याचे दिवस फिरले, होतं नव्हतं ते गेलं, पण वाडगा त्यानं हातचा सोडला नाही, अशी गोष्ट सांगतात. पुढे तो मात्सुदाइरा फुमाई या सरदाराकडे आला. जो हा वाडगा बाळगतो त्याच्या अंगावर गळवं उठतात अशी आवई होती. शेवटी त्या घराण्यानं तो मठाला देऊन टाकला. १९३१ साली यानागी सोएत्सु हे जपानी विचारवंत तो पाहायला गेले, तेव्हा पेटीतून पेटी, त्यातून आणखी एक पेटी, मग रेशमी कापड, असं करत तो बाहेर आला. आणि समोर ठेवला गेला तो एक अगदी साधा वाडगा.

ज्यानं माती मळली, चाक फिरवलं, भट्टी पेटवली, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. ज्यानं पैसे मोजले त्याचं नाव शेकडो वर्षं टिकलं. वस्तू जमवण्याचा ज्याला नाद आहे, त्यानं ही गोष्ट मनाशी धरून ठेवावी असं मला वाटतं. आज मला बोलायचं आहे ते माझ्या अशाच एका नादाविषयी.

मी मिरजेचा. बी. ए. झालो, पोस्टात चिकटलो आणि मराठीत कविता लिहीत राहिलो. माझ्या घरी जपान आणि कोरियातल्या आजच्या कुंभारांनी केलेल्या अकरा वस्तू आहेत. अकराच. श्रीमंतांच्या संग्रहापुढे ही संख्या हसण्यासारखी आहे, हे मला माहीत आहे. पण या अकरा वस्तू मी एकेक करून, पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून घेतल्या आहेत आणि त्यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या हातची आहे ते मला सांगता येतं.

पोस्टातल्या माणसाला जपानी मातीचं वेड कसं लागलं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याचं उत्तर सरळ आहे. माझा भाचा संगणकाच्या नोकरीनिमित्त टोकियोला गेला आणि २००९ च्या वसंतात त्यानं आम्हा दोघांना महिन्याभरासाठी बोलावून घेतलं. सुटी आली तशी तो म्हणाला, "मामू, देवळं बघून कंटाळला असाल, तर कुंभारांच्या जत्रेला जाऊ." ती जत्रा माशिको गावची. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात भरते. रस्त्याच्या दोन्ही कडेला ताडपत्र्या, फळ्या, खोकी. त्यांवर वाट्या, पेले, ताटल्या. आणि मागे स्वतः कुंभार बसलेला. आपल्याकडच्या आठवडी बाजारात बसतो तसाच.

माशिको हे मूळचं घरगुती भांड्यांचं गाव. रांजण, किसण्या, स्वयंपाकाच्या बरण्या करणारं. १९२४ साली हामादा शोजी हे कुंभार तिथं राहायला आले आणि गावाचं नशीब पालटलं. त्याआधी ते बर्नार्ड लीच या इंग्रज मित्राबरोबर इंग्लंडला गेले होते. दोघांनी १९२० मध्ये सेंट आइव्हजला भट्टी उभारली होती. एकट्या कलावंतानं आपल्या छोट्या कार्यशाळेत, आपल्या विचारानं भांडी घडवायची, ज्याला आज 'स्टुडिओ पॉटरी' म्हणतात, त्या चळवळीची मुळं या मैत्रीत आहेत. हामादा, यानागी आणि त्यांचे सोबती यांनी 'मिंगेई' हा शब्द रूढ केला. मिंगेई म्हणजे लोकांची कारागिरी. रोजच्या वापरातली, निनावी कारागिरांनी केलेली वस्तूच खरी सुंदर, असं त्यांचं म्हणणं. परदेशातून परतल्यावर हामादांनी आपल्या भांड्यांवर सही करणंच सोडून दिलं.

आता गंमत पाहा. भांड्यावर सही नाही, पण भांड्याच्या पेटीवर मात्र हामादांची सही असते. जपानमध्ये चांगलं भांडं लाकडी पेटीतून देतात. 'किरी' नावाच्या झाडाचं हे लाकूड वजनाला हलकं असतं आणि दमट हवेत आतली वस्तू सांभाळतं. झाकणावर कुंभार ब्रशनं वस्तूचं नाव लिहितो, खाली स्वतःचं नाव लिहितो आणि तांबडा शिक्का मारतो. या पेटीला 'तोमोबाको' म्हणतात, म्हणजे वस्तूच्या जोडीची पेटी. बाजारात पेटीसकट वस्तूला एक भाव आणि पेटीविना दुसरा. पुढच्या काळात कुणी मोठा जाणकार त्या पेटीवर आपला अभिप्राय लिहितो, नवा मालक तिच्याभोवती आणखी पेटी करतो. असा पेट्यांचा इतिहास वाढत जातो.

माशिकोच्या जत्रेत मी दोन-तीन हजार येनांचे दोन पेले घेतले आणि धीर करून एक चहाचा वाडगा. वाडग्याचा कुंभार पन्नाशीचा असावा. त्यानं भाच्याला विचारलं, पेटी हवी का? सुताराकडून करून घ्यावी लागेल, वेळ लागेल, वेगळे पैसे पडतील. मी हो म्हटलं. दोन महिन्यांनी पार्सल मिरजेला आलं. मी पोस्टातला माणूस. पत्त्यांवरची नावं वाचण्यात आयुष्य गेलं. पण ती अक्षरं वाचता येईनात. झाकणाचा फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचा फोन आला. "मामू, वर लिहिलंय, चहाचा वाडगा. खाली त्याचं नाव आहे." मी विचारलं, "माझं नाव कुठं आहे का?" तो म्हणाला, "तुमचं कशाला असेल?" खरंच आहे. मी फक्त पैसे दिले होते.

अशी वस्तू निवडायची कशी, हेही थोडं सांगतो. आधी डोळ्यांना आवडावी लागते, पण नुसत्या डोळ्यांवर जाऊ नये. दोन्ही हातांनी उचलावी. दिसते त्यापेक्षा जड लागली, तर कुंभाराचा हात आत कुठं तरी अडखळला आहे. मग उलटी करावी. जपानी जाणकार भांड्याचं बूड आधी बघतात. बुडाची कडी, तिथं उघडी राहिलेली माती, बोटांचे ठसे. वरच्या बाजूला कुंभार लोकांसाठी काम करतो, खालच्या बाजूला स्वतःसाठी, असं मला दिसत आलं आहे. मग ओठ, म्हणजे भांड्याचा काठ आपल्या ओठाला कसा लागेल, ते बोट फिरवून बघावं. आणि शेवटी हलकी टिचकी. तडा असेल तर आवाज बसका येतो.

ही टिचकी आपल्याला नवी नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं आणि नामदेव रुसले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत म्हातारे कारागीर भोपळ्यावर अशीच बोटं वाजवून त्याचा पोत ओळखायचे. ऐकून वस्तू पारखायची विद्या सगळीकडे एकच आहे.

पुढच्या वर्षांत भाच्याच्या येण्या-जाण्याबरोबर वस्तू येत गेल्या. बिझेन इथली एक सुरई आहे. बिझेनच्या मातीला ग्लेझ देत नाहीत. भट्टी लाकडावर आठवडा-दोन आठवडे चालते. उडालेली राख भांड्यावर बसते, वितळते आणि तोच तिचा रंग. टोकियोतल्या एका मोठ्या दुकानाच्या कलादालनातून घेतलेला हागीचा वाडगा आहे. हागीची माती सच्छिद्र, वरचा लेप बारीक भेगांचा. त्या भेगांतून चहा झिरपतो आणि वर्षानुवर्षांनी वाडग्याचा रंग पालटत जातो. 'हागीचे सात पालट' असं तिकडे म्हणतात. म्हणजे कुंभार भांडं अर्धं करून देतो. उरलेलं वापरणाऱ्यानं करायचं. कपाटात बंद ठेवला तर हागीचा वाडगा होता तसाच राहतो.

अशा भांड्यांना वापरात घेण्याआधी पाण्यात भिजवतात. काही मातीची भांडी तांदळाच्या धुवणात मंद आचेवर उकळतात, म्हणजे छिद्रं भरून येतात. हे भाच्यानं कागदावर लिहून पाठवलं होतं. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "एवढंच ना? कोकणातली माझी खाला नवं मडकं पेज घालूनच चुलीवर चढवायची." कागद तिनं घडी करून ठेवून दिला.

सगळीच आधुनिक जपानी मातीकला वापरायची असते असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली क्योटोच्या तरुण कुंभारांनी 'सोदेइशा' नावाचा गट काढला. त्यातले यागी काझुओ यांनी १९५४ मध्ये एक मातीचं कडं उभं केलं, त्याला पायांसारख्या नळ्या लावल्या आणि काफ्काच्या कथेतल्या, किडा झालेल्या नायकाचं नाव त्याला दिलं. त्यात पाणी भरता येत नाही, फूल ठेवता येत नाही. चाकावरच्या नळ्यांनी चाकाचंच बंधन मोडलं. त्याच क्योटोत १९५७ साली त्सुबोई आसुका यांच्या पुढाकारानं स्त्री कुंभारांची संघटना उभी राहिली. बाईनं भट्टीजवळ येऊ नये अशी समजूत असलेल्या व्यवसायात ही लहान गोष्ट नव्हती. आज जगभरचे संग्राहक ज्यांची कामं शोधत फिरतात, त्यांत जपानी स्त्रियांची नावं बरीच आहेत.

आता कोरियाकडे वळतो, कारण जपानच्या भांड्याचं बूड उलटून बघायला गेलं की तिथं बऱ्याचदा कोरियाच दिसतो. १५९२ ते १५९८ या काळात जपानच्या हिदेयोशीनं कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. त्यांना 'भांड्यांची लढाई' असंही म्हणतात, कारण परतणाऱ्या जपानी सरदारांनी कोरियन कुंभारांना कुटुंबांसकट पकडून नेलं. कोरियन वाडग्यांवर चहावाल्यांचा जीव जडला होता. आता वाडगे करणारे हातच आणले गेले. आरिता, हागी, सात्सुमा या नामांकित भट्ट्या या आणलेल्या माणसांनी उभ्या केल्या किंवा वाढवल्या. सात्सुमात त्या काळी केलेल्या काही वाडग्यांना 'हिबाकारी' म्हणतात. त्याचा अर्थ 'फक्त आग'. माती कोरियाची, ग्लेझ कोरियाचं, हात कोरियाचे. जपानची म्हणून काय, तर फक्त आग.

संग्राहकाच्या प्रेमाचा हा दुसरा चेहरा आहे. आवडलं म्हणून उचललं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातलं चिनी-जपानी वस्तूंचं सुंदर दालन आहे, ते अनेकांनी पाहिलं असेल. मी तिथं जातो तेव्हा प्रत्येक भांड्यापुढे मला करणाऱ्याचं नाव शोधायची खोड लागली आहे. हिबाकारीमुळे लागलेली खोड आहे ती.

पण याच कहाणीत नाव टिकवून धरलेलं एक घरही आहे. १५९८ मध्ये सात्सुमात आणलेल्या कुंभारांत शिम नावाचं घराणं होतं. सव्वाचारशे वर्षांत त्यांनी आपलं कोरियन आडनाव सोडलं नाही. मधल्या काळात कोरियन नावाची किंमत जपानमध्ये काय मोजावी लागत होती, हे तिथला इतिहास वाचला की कळतं. घराण्याचा प्रत्येक कर्ता कुंभार 'शिम सुग्वान' हे नाव घेतो. आज पंधरावे शिम सुग्वान काम करतात. चौदावे २०१९ मध्ये गेले. त्यांनी १९९८ साली, चारशे वर्षं पूर्ण झाल्यावर, पूर्वजांच्या गावातून, कोरियातल्या नामवनमधून अग्नी आणून आपल्या गावी ठेवला. ज्या वाडग्यात 'फक्त आग' जपानची होती, त्या परंपरेत आता आगही कोरियाची आली.

२०१६ मध्ये टोकियोहून आम्ही चार दिवस कोरियाला गेलो. सेऊलजवळ इचन हे कुंभारांचं शहर आहे. २०१० पासून ते युनेस्कोच्या हस्तकलानगरांच्या यादीत आहे. तिथं मी 'बुनचंग' पद्धतीचा एक वाडगा घेतला. करड्या मातीवर पांढऱ्या मातीची राळ ब्रशनं फासायची, तिच्यावर खरवडून रेघा काढायच्या, अशी ही जुनी पद्धत. आज ती पुन्हा जोरात आहे. ली कांग-ह्यो नावाचे कुंभार तर मोठाल्या रांजणांवर ही राळ ओंजळींनी उडवतात, आणि बघणाऱ्याला ते नाचताहेत असं वाटतं.

कोरियाची दुसरी खूण म्हणजे 'दालहांगारी'. दाल म्हणजे चंद्र, हांगारी म्हणजे मोठी बरणी. पांढरी, गोल, नक्षी नसलेली. एवढं मोठं भांडं चाकावर एकसंध उठत नाही, म्हणून दोन अर्धे वाडगे करून तोंडाला तोंड लावून जोडतात. भट्टीत तो जोड थोडा बसतो, आणि चंद्र कधीच पुरता गोल होत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातली अशी एक बरणी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पंचेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. क्वॉन दे-सपसारखे आजचे कुंभार या एका आकारावर आयुष्य घालवतात. मी घेतली ती पपनसाएवढी आहे, एका तरुण कुंभाराच्या हातची.

त्याच्या अंगणात फुटक्या भांड्यांचा ढीग होता. मनासारखं उतरलं नाही की तिकडचे कुंभार भांडं फोडून टाकतात. असे फोडलेले तुकडे गोळा करून यी सूक्यंग या कोरियन कलावती ते एकमेकांना जोडतात आणि सांधे सोन्यानं भरतात. कोरियन भाषेत 'गुम' या शब्दाचा अर्थ तडा असाही होतो आणि सोनं असाही. त्यांच्या या मालिकेचं नाव आहे 'अनुवादित फुलदाण्या'. मी स्वतः उर्दूतून मराठीत थोडाफार अनुवाद करतो. सांध्यावर काय भरावं हाच तिथंही प्रश्न असतो.

सेऊलमध्ये माझं एक काम होतं. आसाकावा ताकुमी यांच्या कबरीला जायचं होतं. कोरियावर जपानचं राज्य असताना हा जपानी माणूस तिथं वनखात्यात नोकरीला होता. कोरियन बोलायचा, कोरियन कपडे घालायचा. त्याचा थोरला भाऊ नोरिताका यानं १९१४ साली यानागींना भेट म्हणून कोरियन भांडी नेली, आणि यानागींना कोरियाचं वेड लागलं ते तिथून. तिघांच्या खटपटीतून १९२४ मध्ये सेऊलच्या राजवाड्यात कोरियन लोककलेचं संग्रहालय उभं राहिलं. जमवलेल्या वस्तू कोरियातच राहाव्यात, हा त्यांचा आग्रह होता.

यानागींचं कोरियावरचं प्रेम खरं होतं. जपानी राजवटीनं सेऊलचं जुनं प्रवेशद्वार पाडायचं ठरवलं, तेव्हा १९२२ मध्ये त्यांनी उघड विरोधात लिहिलं. पण कोरियाच्या भांड्यांत त्यांना सगळीकडे दुःख दिसलं. पांढरा रंग म्हणजे शोक, वाकलेली रेघ म्हणजे पिचलेल्या लोकांची वेदना. पुढच्या पिढीतल्या कोरियन अभ्यासकांनी याला हरकत घेतली. आमचा कुंभार हसतही होता, खट्याळही होता, ते तुम्हाला का दिसलं नाही, असा त्यांचा सवाल.

हा सवाल मला जवळचा वाटतो. "तुमचं मराठी किती छान आहे हो," असं मला सभा संपल्यावर लोक मायेनं सांगतात. जन्म मिरजेचा, शाळा मराठी, नोकरी मराठी पत्त्यांची. मी हसून आभार मानतो. एका प्रातिनिधिक संग्रहात माझ्या चार कविता घेतल्या गेल्या. चारही दंगलीवरच्या. पावसावरच्या, सायकलवरच्या, आईच्या शेवयांच्या पाटावरच्या कविता त्यांच्या पेटीत बसल्या नाहीत. जमवणारा प्रेमानं जमवतो, तरी पेटीवर काय लिहायचं ते तोच ठरवतो. म्हणून पेटीवर ज्याचं त्यानं लिहिलेलं असावं, हा माझा हट्ट आहे.

आसाकावा ताकुमींनी यातून एक वाट काढली होती. त्यांनी कोरियन भांड्यांची नावं गोळा केली. खेडोपाडी हिंडून, याला तुम्ही काय म्हणता, यात काय ठेवता, असं विचारून लिहून घेतली. साबल, चंजी, हांगारी, तुकबेगी. वापरणाऱ्यांच्या तोंडची नावं. ते १९३१ साली चाळिसाव्या वर्षी वारले आणि त्यांचं पुस्तक त्याच वर्षी बाहेर आलं. त्यांच्या कबरीपाशी जो मजकूर कोरला आहे, त्याचा आशय असा, की कोरियावर प्रेम करणारा हा जपानी इथं कोरियाची माती झाला. आमच्यात मयताला माती देतात. तिथं उभं राहून मीही मूठभर माती वाहिली.

परत येताना विमानात मला आपली नावं आठवत होती. मडकं, गाडगं, डेरा, रांजण, माठ, परळ, बोळकं, सुगड, तवली, खापर. यातली किती भांडी आज माझ्या नातीला दाखवता येतील? प्लॅस्टिकची बादली आली तसा रांजण गेला, आणि रांजणामागून शब्दही निघाला.

आपल्या देशाचा या कहाणीशी धागा आहे. सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले, यानागी, लीच, हामादा यांच्या वर्तुळात वावरले आणि १९५२ मध्ये त्यांनी दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली. बिझेनला शिकून आलेल्या डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ मध्ये पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी काढली. आजचे कितीतरी भारतीय कुंभार-कलावंत तिथून शिकून बाहेर पडले. तेव्हा ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल, त्यांनी विमानाचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. जिवंत कुंभाराकडून घ्या, त्याच्याशी बोला, त्याला त्याचं नाव लिहायला सांगा. पैसे त्याच्या हातात पडले की तो पुढची भट्टी लावतो. जुनी दुर्मिळ वस्तू घेण्यात हे सुख नाही.

हामादांनी जगभरातून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय माशिकोत आहे. २०११ च्या भूकंपात तिथल्या भट्टीची पडझड झाली, ती पुन्हा उभी केली. ज्या वस्तूपुढे आपण हरलो असं वाटलं, ती त्यांनी घरी आणली, असं तिथं सांगतात. आपल्या मालकीची खूण म्हणून नाही, आपल्याहून मोठं काही रोज समोर असावं म्हणून.

मध्यंतरी एका जाणकारानं माझ्या वस्तू पाहिल्या आणि सल्ला दिला : वापरू नका, पेटीत ठेवा, भाव टिकेल. सल्ला चुकीचा नव्हता. मुलीचं लग्न व्हायचं होतं, भाव टिकणं मलाही नको होतं असं नाही. आम्ही दोघांनी त्या रात्री हिशेब केला. मग तिनं हागीचा वाडगा धुतला आणि त्यात चहा ओतला. पंधरा वर्षांत तो बदामी होता तो आता आतून चहाच्या फडक्यासारखा झाला आहे. बाजारात त्याची किंमत उतरली असेल.

एक वही मात्र मी ठेवली आहे. प्रत्येक वस्तूपुढे कुंभाराचं नाव, गाव, साल, मोजलेले पैसे. शेवटच्या रकान्यात आमच्या घरातलं नाव, जे बायकोनं ठेवलं आहे. हागीचा वाडगा चहा पितो म्हणून 'प्यासी'. बिझेनची सुरई 'जळकी'. कोरियाचा चंद्र मध्यावर जोड असल्यामुळे सतारीच्या 'भोपळ्या'वर गेला. भाचा म्हणतो, "मामू, मालक म्हणून तुमचंही नाव लिहा, रिवाज आहे." तेवढा रकाना मी आखलेला नाही. या वस्तू एकेक करून मुलांना, भाच्यांना, शेजारच्या चहाबाज मास्तरांना जातील. पेटीवर कुंभाराचं नाव आहेच. आत एक चिठ्ठी असेल : हिला आम्ही अमुक म्हणत होतो, तुम्ही वापरा, आणि तुम्हाला सुचेल ते म्हणा.